आक्काची साक्ष

नाशवंत गोष्टींवर भरवसा ठेवू नका, देवावर ठेवा. हे वाक्य मला लहानपणापासून पटत आलंय आणि आजही पटतं. पण ज्या माणसानं ते माइकवरून ओरडून माझ्या बहिणीच्या हातातली गोळी सोडवली, तो माणूस समोर आला तर मी काय करीन ते सांगता येत नाही. त्याला क्षमा केली, असं मी प्रार्थनेत म्हणते. तोंडानं म्हणते. पोटातून अजून निघत नाही, आणि ते देवालाही ठाऊक आहे, तेव्हा त्याच्यापुढं नाटक कशाला करू?

बहीण म्हणजे आक्का. आमची आई लवकर गेली. माझी वेणी घालण्यापासून मला डी.एड.ला धाडण्यापर्यंत सगळं आक्कानं केलं, आणि हे करताना स्वतः मात्र सातवीच्या पुढं गेली नाही. लग्न होऊन ती बेंबळीच्या अलीकडच्या एका खेड्यात गेली. दाजींचं थोडं रान आहे, सोयाबीन आणि ज्वारी काढतात. मी कळंबला शाळेत शिकवते. आमच्या आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. आक्काच्या गावात आमची घरं बोटावर मोजण्याइतकी, आणि एक पत्र्याचं चर्च, लिंबाच्या झाडाखाली. रविवारी पाळकसाहेब धाराशिवहून दुचाकीवर येतात, उपासना घेतात आणि कुणाच्या तरी घरी भाकरी खाऊन परत जातात.

आक्काला शुगर निघाली तेव्हा तिनं फार मनावर घेतलं नाही. गूळ सोडला, चहात साखर सोडली, भात कमी केला. गोळ्यांची डबी फडताळात शास्त्राच्या, म्हणजे आमच्या बायबलच्या, शेजारी ठेवली. रोज सकाळी तळहातावर गोळी घेऊन ती डोळे मिटायची, "प्रभू, तू दिलीस, आता तूच लागू पाड," असं म्हणायची आणि मग पाणी प्यायची. मी तिला चिडवायचे की आक्का, तुझी प्रार्थना संपेपर्यंत गोळी घामानं विरघळेल. ती म्हणायची, "विरघळंना, पोटात जाऊनबी तेच करायचंय तिला." विश्वासाचं आणि गोळीचं तिच्या घरात कधी भांडण नव्हतं. ते भांडण बाहेरून आलं, जीपमध्ये बसून, भोंगे लावून.

त्याला सगळे ब्रदर म्हणायचे. कुठल्या मंडळीचा, कुणी पाठवला, हे कुणी विचारलं नाही. कळंबच्या बाहेर एका पडीक रानात मांडव पडला, तीन दिवसांची सभा ठरली, आणि गावोगावचे आमचे लोक टेम्पो करून आले. आक्का आणि दाजी माझ्याकडं मुक्कामाला होते. माझीही दिवाळीची सुट्टी चालू होती, म्हणून मीही गेले. भजनं छान झाली. खोटं कशाला बोलू, ढोलकी इतकी सुंदर वाजत होती की माझे हात आपोआप टाळ्या वाजवत होते.

मग ब्रदर उठला. पांढरा शुभ्र शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, आवाज कमावलेला. "घर नाशवंत!" तो म्हणाला आणि लोकांनी मागून म्हटलं, नाशवंत. "शेत नाशवंत! सोनं नाशवंत! डॉक्टर नाशवंत! आणि डॉक्टरची गोळी? अहो, गोळीच्या पाकिटावर बघा, एक्स्पायरी डेट छापलेली असते. माझ्या देवाला एक्स्पायरी डेट आहे का?" मांडव हसला, मीही हसले. वाक्य जमलं होतंच. पाचवीच्या वर्गाला असंच काहीतरी सांगितलं की पोरं दिवसभर विसरत नाहीत.

एवढं बोलून त्यानं तेलाच्या बाटल्या काढल्या. अभिषेकाचं तेल म्हणे. सगळं जग नाशवंत ठरवून झाल्यावर एक प्लास्टिकची बाटली तेवढी टिकणारी निघाली! हे तिथल्या तिथं कुणाला खटकलं नाही. ते खोबरेल होतं. माघाच्या थंडीत ते आक्काच्या फडताळात गोठून पांढरं झालं आणि तिनं ते उन्हात ठेवून पातळ केलं, तरीही खटकलं नाही.

त्यानं बाटल्यांचे पैसे घेतले असते तर मला बरं वाटलं असतं. मग भामटा म्हणून विषय संपवता आला असता. त्यानं दमडी घेतली नाही. त्याला हवी होती साक्ष.

साक्ष म्हणजे काय, हे आमच्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. उपासनेत भजन झालं की पाळकसाहेब विचारतात, देवानं तुमच्यासाठी काय केलं ते कुणाला सांगायचंय का. मग एखादी बाई डोक्यावर पदर सारखा करून उभी राहते. कुणाच्या लेकीचं जमलेलं असतं, कुणाची अडलेली म्हैस सुखरूप व्यालेली असते. एका काकांनी तर तुळजापूरच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून साक्ष दिली होती आणि आम्ही सगळ्यांनी गंभीर तोंडानं ऐकली होती. मला ही पद्धत आवडते. हसू येतं आणि आवडतेही. पण तिची एक बाजू कुणी बोलून दाखवत नाही. एकदा दिलेली साक्ष मागं घेतल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं. लग्न मोडतं, भाऊबंदकीत झालेल्या वाटण्या फिरवता येतात, पण मंडळीपुढं देवाचं नाव घेऊन बोललेलं परत घ्यायची आमच्यात रीतच नाही.

तिसऱ्या दिवशी ब्रदरनं आजारी माणसांना पुढं बोलावलं. दाजींनी आक्काला कोपरानं ढोसलं. ती गेली. त्यानं तिच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात दाबला, भोंगे फाटतील एवढ्या आवाजात प्रार्थना केली आणि माइक तिच्या तोंडापुढं धरला. "काय वाटतंय, ताई?"

आक्का म्हणाली, "हलकं वाटायलंय."

मी ऐकलंय. माझ्या कानांनी ऐकलंय. ती हलकं वाटायलंय एवढंच म्हणाली होती. सकाळपासून उपाशी, त्यात तो दणदणाट, हलकं वाटणारच. पण ब्रदर लोकांकडं वळून ओरडला, "शुगर गेली म्हणते बहीण!" आणि परत तिच्याकडं वळला. "गेली का नाही? विश्वासानं सांगा. सैतान ऐकतोय, मोठ्यानं सांगा. गेली का नाही?"

आक्कानं मांडवाकडं पाहिलं. एवढ्या माणसांनी तिच्याकडं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "गेली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक पोरगा मोबाईलवर शूटिंग करत होता. आम्ही घरी पोचायच्या आधी आक्काची साक्ष आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरत होती.

दाजींनी गावाला गेल्यावर गोळ्या उकिरड्यावर टाकल्या आणि डबीच्या जागी तेलाची बाटली ठेवली. मला हे नंतर कळलं. दाजी वाईट माणूस नाहीत, हे मला रागात असतानाही लिहावं लागतंय. चावडीवर ज्यांना कुणी चहा विचारत नाही अशांपैकी ते एक. आता मंडळीतले लोक त्यांना पुढं बसवायचे. बायका लांबून आक्काकडं प्रार्थनेला येऊ लागल्या. कुणाचं बीपी, कुणाचं थायरॉईड, कुणाचे गुडघे. आक्का त्यांच्या डोक्यावर हात ठेवायची आणि त्या उठून जाताना म्हणायच्या, तुमचं बघून बळ आलं. फोनवर मी शुगरचं विचारलं की ती "बरं हाय की" म्हणायची आणि शाळेचं विचारायची.

हुरड्याच्या दिवसांत मी तिच्याकडं गेले. मोरीत हात धुवायला गेले तर मोरीच्या कडेनं मुंग्यांची रांग. आमच्याकडं शुगरची तपासणी आधी मुंग्या करतात, मग लॅबवाला. मी तिथंच थबकले. बाहेर येऊन पाहिलं तर आक्का चुलीपुढं बसलेली, गालफडं बसलेली, आणि पायांत मोजे. आक्काला मी आयुष्यात कधी मोज्यात पाहिलं नव्हतं.

"मोजे काढ," मी म्हणाले.

"थंडी लई हाय गं."

"काढ म्हणते ना."

ती हसून उठायला लागली. मी तिचा पाय धरून मोजा ओढला. अंगठ्याच्या शेजारी, खालच्या बाजूनं, जखम होती. काळी पडलेली. वर तेलाचा थर. रानात ज्वारीचं जुनं धसकट घुसलं असावं. कधी घुसलं, तिला माहीतच नव्हतं.

"दुखत न्हाय की," आक्का म्हणाली. आणि हे ती आनंदानं म्हणाली. "एवढी जखम हाय, पर काडीचं दुखत न्हाय बघ. देवानं दुखणंच काढून घेतलंय."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. शुगरनं पायाची जाणीव मेली होती, आणि न दुखणं हाच तिला देवानं दिलेला पुरावा वाटत होता. मी तिला ओरडले. इतकी ओरडले की शेजारच्या खाला भिंतीवरून डोकावल्या. खाला म्हणजे आक्काच्या शेजारच्या मुसलमान घरातल्या म्हाताऱ्या, दोघींचं रोज भाजीची वाटी इकडून तिकडं चालायचं. त्या नुसत्या पायाकडं बघत राहिल्या.

"आत्ताच्या आत्ता धाराशिवला चल. डॉक्टरला दाखव. गोळ्या चालू कर."

"मला न्हाय जमायचं."

"का नाही जमायचं?"

"साक्ष दिलीय म्या," आक्का म्हणाली. आवाज एकदम खाली गेला होता. "एवढ्या लोकांपुढं, देवाचं नाव घिऊन. आता गोळी खाल्ली तर देव खोटा पडंल."

"देव नाही खोटा पडत. फार तर तू पडशील!"

"तेच की. म्या खोटी पडले, मंग त्या सगळ्या बाया काय म्हणतील? बसलेला विश्वास उठंल त्यांचा."

दाजी दारातून आत आले. "बाई, घरात अविश्वासाचं बोलू नका," ते म्हणाले. "तुमी शिकलेल्या आसाल, पर हितं ते चालत न्हाय. आमच्या घरावर आशीर्वाद हाय."

"आशीर्वाद सडायलाय, दाजी, वास येत नाही का तुम्हाला?" मी म्हणाले. त्यांनी तोंड फिरवलं. त्यांना वास येत होता. मी हातापाया पडले, रडले, आक्काला हाताला धरून उठवायला बघितलं. तिनं हात सोडवून घेतला. ज्या हातानं तिनं मला वाढवलं त्याच हातानं मला बाजूला सारलं. मी तशीच पिशवी उचलून एसटीला आले.

धाराशिवला उतरून सरळ पाळकसाहेबांच्या घरी गेले. म्हातारा माणूस, आमच्या घरातली लग्नं आणि मयती दोन्ही त्यांनीच केलेली. मी सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. त्यांच्या पत्नीनं चहा आणला. पाळकसाहेबांनी खिशातून छोटी पुडी काढली, तिच्यातली बीपीची गोळी जिभेवर ठेवली आणि चहाच्या आधी पाण्याचा घोट घेतला.

"बाई, मी काय बोलणार?" ते म्हणाले. "निम्मी मंडळी त्या सभांना जाते. विरुद्ध बोललो तर म्हणतील, पाळकाचाच विश्वास नाही."

"तुम्ही आत्ता माझ्यासमोर गोळी घेतली."

"ते वेगळं."

"काय वेगळं आहे?"

"आपण प्रार्थना करू," ते म्हणाले.

मी उठले. चहा तसाच टाकून उठले. त्यांच्या दारात उभी राहून मी जे बोलले ते पाळकाला कुणी बोलत नाही. म्हणाले, तुम्ही पन्नासदा आम्हाला शिकवलंत की देवावर टेका, माणसाच्या मान्यतेवर टेकू नका. आता तुम्ही स्वतः कशावर टेकलाय ते बघा. लोक सोडून जातील ह्याची भीती वाटते तुम्हाला. माझ्या बहिणीला तीच भीती वाटते. आणि दोघं तिला विश्वास म्हणता! पाळकसाहेबांनी डोळे मिटले. प्रार्थना करत होते की मी जायची वाट बघत होते, देव जाणे.

त्यानंतर मी रोज आक्काला फोन करायचे आणि रोज भांडण व्हायचं. एकदा दुपारी, मधल्या सुट्टीत, खालांचा फोन आला. "बाई, तुमी जल्दी या. तुमच्या आक्काला ताप हाय, बडबडायलीय, कुणाला ओळखंना. आमच्या पोरानं गाडी काढलीय, आमी तिला दवाखान्यात न्यायलोय. तुमचे दाजी नको म्हणत हुते. म्या त्यांना म्हणले, गुमान गाडीत बसा."

मी दवाखान्यात पोचले तेव्हा आक्का आत होती. दाजी बाकावर बसून मोबाईल कानाला लावत होते, काढत होते, परत लावत होते. ब्रदरला फोन चालला होता. आधी कुणीतरी म्हणालं, ब्रदर उपवासात आहेत. मग कुणीतरी म्हणालं, निरोप देतो. शेवटी ब्रदर स्वतः बोलला नाहीच, त्याचा माणूस बोलला. दाजींनी स्पीकर चालू केला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "तुमच्या घरात कुणाचा तरी अविश्वास आडवा येतोय. तो कोण आहे ते आधी शोधा."

दाजींनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

मी फोन हिसकावून घेतला. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघत होती. बोलून झाल्यावर कळलं की पलीकडून फोन कधीच ठेवलेला होता. मी इतका वेळ कुणाशीच बोलत नव्हते.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, दोन बोटं आणि पुढचा थोडा पाय काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. एवढ्यावर थांबेल का, मी विचारलं. "थांबावं असं वाटतंय," ते म्हणाले. "खात्री मी देऊ शकत नाही, मॅडम." मला त्यांचाही राग आला. खात्रीसाठीच तर मी इतके दिवस भांडत होते. गोळी म्हणजे खात्री, डॉक्टर म्हणजे खात्री, असं मी धरून चालले होते, आणि हा माणूस प्रामाणिकपणानं सांगत होता की त्याच्याकडं ती नाही.

आक्काला ऑपरेशनला नेल्यावर मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले आणि देवाशी भांडले. बरं वाटतंय का तुला आता, मी म्हणाले. तुझ्या नावानं चाललंय हे सगळं. तुझं नाव घेऊन तिला फसवलं, तुझं नाव घेऊन पाळक गप्प बसले, आणि तू? तू काय करत होतास? एक ठिणगी टाकायची होतीस त्या मांडवावर. मी उत्तराची वाट पाहिली नाही. पण एक सांगते, त्या जिन्याखाली माझ्याजवळ दुसरं कुणीच नव्हतं ज्याच्यावर मी एवढं ओरडू शकले असते.

वर आले तर दाजी बाकावरून खाली, फरशीवर बसले होते. "गोळ्या म्याच टाकल्या," ते म्हणाले. "ती म्हणत हुती, राहू द्या डबी, फडताळात कुणाला काय करतीय. म्याच टाकल्या." त्यांच्यावर ओढायला मी जिभेवर आसूड घेऊन तयार होते, आणि आता तो कुठं मारावा ते कळेना. मी त्यांच्याशेजारी खाली बसले. राग गेला नव्हता, पाय तेवढे थकले होते.

ऑपरेशननंतर आक्का वाचली, पण गप्प झाली. ती कधी गप्प बसणारी बाई नव्हती. भाकरी थापताना भजन, खुरपताना भजन. आता खाटेवर पडून छताकडं बघायची. प्रार्थना करू का म्हटलं की नको म्हणायची. नर्सनं दिलेली गोळी न बोलता गिळायची. मला भीती वाटायला लागली. पायाचं जे व्हायचं ते झालं होतं. पण आक्काचा देवही तिथंच कापून टाकला असला, तर ती पुढं कशावर उभी राहणार होती?

"म्या देवाला खोटं पाडलं," एक दिवस ती म्हणाली.

"तू नाही. त्या मेल्यानं पाडलं."

"त्याला शिव्या दिऊन काय हुतंय? 'गेली' म्याच म्हणले. त्यानं माझ्या तोंडात हात घालून न्हाय वदवलं." मग म्हणाली, "समदे टाळ्या वाजवायले की लई बरं वाटलं बघ मला. शुगर गेली का न्हाय ते म्या देवाला इचारलंच न्हाय. लोकांकडं बघितलं आन म्हणले, गेली."

तिनं पांघरूण बाजूला करून बँडेजकडं पाहिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पाहिलं. मग माझ्याकडं हात पसरला. "दे ती गोळी."

मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं डोळे मिटले. "प्रभू," ती म्हणाली, "ही गोळी नाशवंत, हा पाय नाशवंत, म्या बी नाशवंत. तू तेवढा ऱ्हा." आणि पाणी मागितलं.

मी पाणी द्यायला वळले आणि तिला माझं तोंड दिसू नये म्हणून वळलेलीच राहिले. मला रडू आलं, आणि रडतानाही संताप होता की हेच वाक्य त्या मांडवात ओरडून ओरडून वापरलं गेलं आणि त्याचा अर्थ इथं, पाय गेल्यावर कळावा.

घरी आल्यावर आक्का वॉकर धरून चालायला शिकली. एका सकाळी तिनं मला विचारलं, "ती साक्ष अजून फिरायलीय का मोबाईलवर?" फिरत होती. मी तिला खोटं सांगितलं नाही. तिनं डोळे झाकले. "माझं बघून किती बायांनी गोळ्या सोडल्या आसतील गं?" मग म्हणाली, "रविवारी मला चर्चमधी ने."

दाजी नको म्हणत होते. लोक काय म्हणतील, हा तोच प्रश्न. पण ह्या वेळी ते पुटपुटले आणि स्वतःच वॉकर उचलून पुढं चालू लागले. चर्चमध्ये शिरलो तेव्हा कुजबूज थांबली. आक्काकडं प्रार्थनेला येणाऱ्या बायका दवाखान्यात एकदाही फिरकल्या नव्हत्या, त्या आता पदर ओढून जमिनीकडं बघत होत्या. भजन झालं. पाळकसाहेबांनी ह्या वेळी साक्षीचं विचारलंच नाही, सरळ पुस्तक उघडलं.

आक्का उठली. वॉकरचा पाय फरशीवर वाजला. "मला साक्ष द्यायचीय," ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पण त्यांच्याकडं पाहिलं आणि नजर काढली नाही. ते खाली बसले.

"मागं म्या कळंबला साक्ष दिली," आक्का म्हणाली. "ती खोटी हुती. माझी शुगर गेली न्हाय. तवाबी गेली नव्हती. गोळ्या सोडल्या आन पाय गेला." तिनं लुगडं थोडं वर उचलून पाय दाखवला, आणि एका बाईनं तोंडावर हात घेतला. "म्या टाळ्यांवर टेकले हुते, देवावर न्हाय. टाळ्या थांबल्या, तवा पडले. देव तिथंच हुता. आजबी हाय. आज सकाळी म्या गोळी खाऊन आलेय."

कुणी आमेन म्हणालं नाही. अशी साक्ष कुणी ऐकलीच नव्हती. पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "बाई, बसा आता," ते हळूच म्हणाले, "पाय दुखेल."

"बसत न्हाय," आक्का म्हणाली. "माझं बघून कुणी कुणी गोळ्या सोडल्यात, हात वर करा."

पत्र्यावर ऊन तापत होतं. कुणी हललं नाही. मला वाटलं आता मीच ओरडेन, एकेकीचं नाव घेऊन ओरडेन. माझं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून एक हात वर आला, बीपीच्या त्या बाईंचा, ज्या आक्काकडं सगळ्यात आधी प्रार्थनेला आल्या होत्या. त्यांच्या मागून आणखी एक. भिंतीपाशी एका म्हाताऱ्यानं अर्धाच वर केला, खाली घेतला, परत केला.

आक्का ते हात बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला वॉकर सोडता येत नव्हता.

"आजपासून परत खावा," ती म्हणाली. "खाताना देवाचं नाव घ्या. माझं घिऊ नका."

मग ती बसली.